आठ सत्रांचं घड्याळ

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रात्री अमेरिकेतून मावसबहिणीचा फोन आला. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, अकरावीत होती. शाळेच्या सॉकर संघात बचावाच्या फळीत खेळायची. एप्रिलमध्ये सराव करताना वळली आणि गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. पुढचा क्रूशिएट लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो पूर्ण तुटला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, निदान नऊ महिने मैदान नाही. ऑगस्टमध्ये सुरू होणारा बारावीचा हंगाम, शाळेतला शेवटचा हंगाम, गेला.

बहीण म्हणाली, "दादा, तू कायद्याची पुस्तकं वाचतोस ना? इथल्या क्रीडा संघटनेची नियमावली पाठवते. हिला आणखी एक वर्ष मिळतं का, तेवढं बघ." मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "विचार त्यांना, एक विषय मुद्दाम राहू दिला तर चालेल का?"

मी वकील नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात टंकलेखन करता करता निकालपत्रं वाचायची सवय लागली, एवढीच माझी पात्रता. पण नियमावली वाचायला घेतली आणि त्यातून एक असा प्रश्न निघाला, की अमेरिकेतली वरिष्ठ न्यायालयंही त्यावर एकमेकांविरुद्ध निकाल देऊन बसली आहेत. दुखापतीने किंवा आजाराने ज्या मुलाचं खेळायचं वर्ष हिरावलं, त्याला ते वर्ष परत द्यावं का? दिलं, तर ते कोणाच्या वाट्यातून जातं?

नियम कुठून आला

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, चार वर्षं. प्रत्येक वर्षाची दोन सत्रं, म्हणजे एकूण आठ. शालेय खेळांचा कारभार प्रत्येक राज्यातली संघटना पाहते. या संघटनांचा महासंघ इंडियानापोलिसला आहे. १९२० मध्ये इलिनॉय, इंडियाना, आयोवा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या पाच राज्यांचे प्रतिनिधी शिकागोत जमले आणि त्यातून तो उभा राहिला. आज पन्नास राज्यं आणि राजधानीचा जिल्हा त्यात आहेत आणि वर्षाला सुमारे ८० लाख खेळाडूंची नोंद होते. एकच मुलगा दोन खेळ खेळला तर तो दोनदा मोजला जातो, हे त्यात धरायचं.

संघटना निघाल्या त्या मुळात लबाडी रोखायला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळांचे सामने मुलंच ठरवत आणि मुलंच भरवत. जिंकण्यासाठी शाळेत नाव नसलेले, दाढीमिशा आलेले गडी संघात घुसवले जात. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांत किंवा गावोगावच्या कबड्डी सामन्यांत बाहेरचा 'पाहुणा' उतरवत, तसाच प्रकार. त्यावर उपाय म्हणून वयाची अट आली, हजेरीची अट आली, उत्तीर्ण विषयांची अट आली आणि आठ सत्रांची अट आली.

या शेवटच्या अटीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मुलगा नववीत पहिलं पाऊल ठेवतो तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि सलग आठ सत्रांनी थांबतं. त्यात तो खेळला की नाही, हे बहुतेक ठिकाणी मोजतच नाहीत. तो संघात होता, बाकावर होता, रुग्णालयात होता की त्याने शाळाच सोडली होती, घड्याळाला फरक पडत नाही. जोडीला वयाची अट असते. ठरावीक तारखेच्या आत, मिसूरीत १ जुलै तर मिशिगनमध्ये १ सप्टेंबर, ज्याला एकोणीस पूर्ण झाली तो त्या वर्षी बाद.

यामागची कारणं फालतू नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलासमोर एकोणीस वर्षांचा धिप्पाड गडी उभा राहिला तर धोका आहे. मुलाला केवळ खेळासाठी मागे ठेवण्याचा मोह पालकांना आणि प्रशिक्षकांना होतो. आणि संघातल्या जागा मोजक्याच असतात. एक जण पाचवं वर्ष खेळला, तर चार वर्षं वाट पाहिलेला दुसरा कोणीतरी बाकावर बसतो. हा दुसरा मुलगा अर्ज करत नाही, न्यायालयात येत नाही, त्याला आपली जागा कोणामुळे गेली हे कळतही नाही. पण तो असतो.

महाविद्यालयात मिळतं, शाळेत का नाही?

माझ्या मेव्हण्याचा सवाल साधा होता. "कॉलेजात दुखापत झाली तर वर्ष मिळतं, मग शाळेने काय घोडं मारलंय?"

त्याची माहिती बरोबर होती. अमेरिकन महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए हिच्या सर्वांत वरच्या विभागातला गेल्या अनेक वर्षांचा ढाचा असा, की खेळाडूने पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. म्हणजे एक वर्ष मुळातच शिलकीत. त्यावर 'मेडिकल हार्डशिप'ची तरतूद आहे. हंगामाच्या पहिल्या निम्म्या भागात दुखापत झाली, तोवर ठरलेल्या सामन्यांपैकी ३० टक्क्यांहून जास्त खेळलेला नसेल आणि उरलेला हंगाम खेळणं अशक्य असेल, तर तो हंगाम धरला जात नाही. शिलकीतलं वर्ष मुद्दाम राखण्याला 'रेडशर्ट' म्हणतात. १९३७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू वर्षभर नुसता सराव करत राहिला आणि सरावाला क्रमांक नसलेला लाल सदरा घालायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

मग शाळेत तीच सोय का नाही? याचं उत्तर मला नियमावलीच्या एका साध्या ओळीत सापडलं. पदवीधर झालेला विद्यार्थी खेळू शकत नाही. महाविद्यालयात पदवी मिळाली तरी पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घालून खेळता येतं. हायस्कूल संपलं की त्याच शाळेत पुढे काही नाही. म्हणजे शाळेत खेळाचं वर्ष वाढवायचं तर शिक्षणाचंच वर्ष वाढवावं लागतं. जी मुलगी कुबड्या घेऊन रोज वर्गात गेली, परीक्षा दिल्या, वेळेत उत्तीर्ण झाली, तिने जणू आपल्या हाताने दार लावून घेतलं.

बहुतेक राज्यांत अपवादाची वाट ठेवलेली आहे. तिलाही 'हार्डशिप' म्हणतात, आपण तिला 'अडचणीची सूट' म्हणू. पण ती सहसा त्यालाच मिळते, ज्याच्या दुखापतीने किंवा आजाराने शाळाच बुडाली आणि इयत्ता पुन्हा करावी लागली. कर्करोगाच्या उपचारांत वर्ष गेलेला मुलगा या चौकटीत बसतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवड्यांत वर्गात परतलेली मुलगी बसत नाही. हंगाम बुडाला, हे नुकसान या हिशेबात धरलंच जात नाही, कारण संघटनेच्या लेखी शाळा शिकण्यासाठी आहे आणि शिकणं तर बुडालेलं नाही.

मेव्हण्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. विषय मुद्दाम राहू दिला तर मुलगी शाळेत राहील, पण नववं सत्र हे नववंच सत्र. घड्याळ आठव्याला थांबलेलं असतं. त्यापुढे खेळायचं तर सूट हवी आणि सूट मिळायला अडचण आपल्या हाताबाहेरची असावी लागते. मुद्दाम नापास होणं म्हणजे विषयही गेला आणि हंगामही.

न्यायालयांनी काय म्हटलं

अमेरिकन माणूस अन्याय झाला की न्यायालयात जातो, तसे या प्रश्नावरही खटले झाले. सुरुवातीचे निकाल कडक होते. १९७७ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक मुलगा आला होता. त्याने आजारी आईची सेवा करायला वर्षभर शाळा सोडली होती. परतल्यावर घड्याळ पुढे गेलेलं. न्यायालयाने नियम उचलून धरला. १९७५ मध्ये 'गॉस विरुद्ध लोपेझ' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाला घटनेचं संरक्षण दिलं होतं. पण पुढे खालच्या न्यायालयांनी बहुतेक वेळा असंच धरलं, की ते संरक्षण शिक्षणाला आहे, त्यातल्या एकट्या खेळाला नाही. खेळणं ही सवलत आहे, हक्क नाही.

१९९० मध्ये अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांचा केंद्रीय कायदा आला आणि वादाला नवी धार चढली. मिसूरीत एका मुलाचं शिकण्यातलं अपंगत्व वेळेवर ओळखलं गेलं नाही, प्राथमिक शाळेत त्याची दोन वर्षं गेली आणि शेवटच्या वर्षी बेसबॉल खेळायला तो वयाने बाद ठरला. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी संघटनेच्या बाजूने निकाल दिला. वयाची अट हा या खेळांचा गाभा आहे, तो बदलायला लावणं म्हणजे खेळच बदलणं, असं बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती रिचर्ड अर्नोल्ड यांनी मतभेद नोंदवला. हा मुलगा इतरांसाठी खरोखर धोकादायक किंवा वरचढ आहे का, हे त्या मुलाकडे बघून तरी ठरवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी मिशिगनमधल्या दोन धावपटूंच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने म्हटलं, की कोणाला अवाजवी फायदा होतो हे एकेका मुलाबाबत तपासणं हे संघटनेवर झेपणार नाही असं ओझं आहे.

आठ सत्रांच्या नियमावर तर शेजारच्या दोन राज्यांत दोन निकाल झाले. १९९७ मध्ये 'मॅकफर्सन' खटल्यात सहाव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने मिशिगनच्या संघटनेची बाजू घेतली. तिथला विद्यार्थी एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या विकाराने मागे पडला होता. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, 'वॉशिंग्टन विरुद्ध इंडियाना हायस्कूल ॲथलेटिक असोसिएशन' या खटल्यात सातव्या सर्किटने उलटा निकाल दिला. हा मुलगा अभ्यासात सतत मागे पडत होता, समुपदेशकाने त्याला शाळा सोडायला सुचवलं आणि त्याने सोडली. नंतर बास्केटबॉलच्या निमित्ताने तो दुसऱ्या शाळेत परत आला. त्याच्या शिकण्यातलं अपंगत्व तेव्हा कुठे निदानात आलं. न्यायालयाचा प्रश्न सरळ होता. अपंगत्व नसतं, तर याची सत्रं वाया गेली असती का? नसती. मग या एका मुलाला सूट दिल्याने नियमाचा कोणता हेतू मोडतो? मोडत नाही.

मिशिगन आणि इंडियाना यांची हद्द एकमेकींना लागून आहे. तीच अट, तोच केंद्रीय कायदा, आणि हद्दीच्या अलीकडे एक न्याय, पलीकडे दुसरा.

२००१ साली सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या वादाला लागू पडणारे आले. एकात, टेनेसीच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं, की शालेय क्रीडा संघटना खासगी क्लबासारखी मोकाट नाही. तिचा कारभार सरकारी कारभारासारखा घटनेच्या कक्षेत येतो. दुसरा निकाल गोल्फपटू केसी मार्टिन यांचा. त्यांच्या पायाला रक्ताभिसरणाचा गंभीर आजार होता आणि त्यांना स्पर्धेत गाडी वापरायची होती. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती दिली आणि सांगितलं, की नियमाच्या हेतूवर घाला पडतो का, हे त्या व्यक्तीची परिस्थिती पाहून ठरवावं. वाऱ्याची दिशा बदलली होती. २०१२ मध्ये मिशिगनच्या शाळांनीच मतदान करून वयाच्या अटीत अपवादाची वाट केली. त्यामागे डाऊन सिंड्रोम असलेल्या एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाने चालवलेली मोहीम होती.

माझ्या भाचीला मात्र यातलं फारसं उपयोगाचं नव्हतं. बरी होणारी दुखापत अपंगत्वाच्या कायदेशीर व्याख्येत बसवणं अवघड. बसवली तरी तिची सत्रं दुखापतीने वाया गेलेली नव्हती. ती शाळेत होती, शिकत होती. 'वॉशिंग्टन' खटल्यातला प्रश्न तिला विचारला, तर उत्तर तिच्याच विरुद्ध जात होतं.

गुडघ्याचं घड्याळ

नियमाची बाजू इथवर भक्कम वाटते. पण तिच्यात एक भोक आहे आणि ते वैद्यकाच्या बाजूने दिसतं.

तुटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवतात. तो जागी बसतो लवकर, पण त्याला लिगामेंटसारखी ताकद यायला महिने जातात. २०१६ मध्ये डेलावेअर आणि ऑस्लो इथल्या रुग्णांचा मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळपास निम्म्याने उतरत गेली. यात भोगतात जास्त त्या मुली. सॉकर आणि बास्केटबॉल या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते.

आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून पाहा. एक सांगतं, नऊ महिने थांब. दुसरं सांगतं, ऑक्टोबर संपला की सगळं संपलं. सतरा वर्षांची मुलगी कोणाचं ऐकेल? समोर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीची आशा असते. एनसीएएच्याच अंदाजाने शाळेत खेळणाऱ्या शंभरांतले सातेक महाविद्यालयात खेळतात आणि सर्वांत वरच्या विभागात दोनेक. इतक्या चिंचोळ्या दारातून जायला शेवटचा हंगाम दिसणं लागतं, असं प्रत्येक घराला वाटतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम इथे मुलांना अर्ध्या बऱ्या गुडघ्याने मैदानावर ढकलतो.

दुसरं भोक पैशाचं. घड्याळ नववीत सुरू होतं, म्हणून ज्यांना परवडतं ते आठवीतच मुलाला एक वर्ष थांबवतात. नियम मोडत नाही आणि मुलगा वर्षाने मोठा होऊन नववीत येतो. ईशान्येकडच्या काही खासगी निवासी शाळांत बारावीनंतर 'पोस्टग्रॅज्युएट' वर्ष मिळतं. तिथे अभ्यासही सुधारतो आणि खेळही चालू राहतो, फी मात्र जबर. म्हणजे वर्ष विकत मिळतं. जे मिळत नाही ते सरकारी शाळेतल्या मुलाला, अर्ज करून.

जेव्हा एका राज्याने वर्ष दिलं

२०२० मध्ये कोविडने वसंत ऋतूतले हंगाम रद्द झाले. एनसीएएने मार्च संपण्याआधी त्या खेळाडूंना जादा वर्ष देऊन टाकलं. शालेय संघटनांनी बहुतेक ठिकाणी नकार दिला. कारण तेच. पदवी मिळालेल्या मुलांना कुठे ठेवणार, आणि खालून आलेल्या मुलांच्या जागांचं काय?

केंटकी या राज्याने मात्र २०२१ मध्ये कायदाच केला. ज्यांना वाटेल त्या विद्यार्थ्यांनी एक वर्ष पुन्हा शिकावं, आणि वयाची अट पाळणाऱ्यांना त्या वर्षी खेळताही यावं. जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाला एकच निर्णय घ्यायचा होता. सगळ्यांचे अर्ज मान्य करायचे, नाहीतर सगळ्यांचे फेटाळायचे. निवडानिवड करायची नाही. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. चांगला क्वार्टरबॅक आहे म्हणून त्याचा अर्ज घेतला आणि गणितात मागे पडलेल्या मुलीचा टाकला, असं करायची सोयच ठेवली नाही. त्या वर्षाचं मूळ कारण शिक्षण होतं, खेळ त्याच्या मागून आला.

आपल्याकडचं घड्याळ

आपल्याकडे शालेय खेळांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. घड्याळ वयाचं असतं, सत्रांचं नसतं. त्यामुळे आपला सगळा वाद जन्मतारखेच्या दाखल्यावर येऊन ठेपतो. वय चोरणं ही आपली जुनी व्याधी. क्रिकेट मंडळाला १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासावं लागतं. लबाडीचीच इतकी चिंता, की दुखापतीने वर्ष गेलेल्या मुलाचा प्रश्न कोणी विचारत नाही. वर्ष वाढवून द्यावं, अशी मागणीही कानावर येत नाही.

ती मीही केली नव्हती. १९८६ मध्ये मी जिल्ह्याच्या खो-खो संघात होतो. खांबाजवळ सूर मारताना गुडघा फिरला. वडील हाडवैद्याकडे घेऊन गेले. लेप, पट्टी, पंधरा दिवस विश्रांती. महिन्याने विभागीय स्पर्धा होती आणि त्यानंतर माझा वयोगट संपणार होता. मी खेळलो. दुसऱ्याच डावात गुडघा पुन्हा गेला, तो आजही जिना उतरताना बोलतो. त्या वेळी कोणी म्हणालं असतं, "पुढच्या वर्षी ये, तुझी जागा आहे," तर मी थांबलो असतो का? खात्रीने सांगता येत नाही. पण थांबण्याला काही कारण तरी मिळालं असतं.

मग काय करावं

दोन्ही बाजू वाचून माझं मत असं झालं आहे. वयाची अट राहू द्यावी. तिच्यामागे दुसऱ्या मुलाचं शरीर आहे. पण वयात बसणाऱ्या मुलाचं घड्याळ चालू सत्रांवर न चालवता खेळलेल्या हंगामांवर चालवावं. अर्ज शाळेने करावा, कागद शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा असावा, आणि निर्णय देणाऱ्यांना खेळाडू किती चांगला आहे हे कळूच नये. आणि ज्याला वर्ष मिळेल त्याला त्या वर्षी शिकण्यासारखं काही असावं, नुसतं वर्गात नाव नसावं. यावर आक्षेप येईल, की असं वर्ष उभं करणं शाळेला खर्चाचं आहे. आक्षेप खरा आहे. म्हणून अशा सवलती थोड्याच राहतील, आणि त्या थोड्याच राहाव्यात असं मलाही वाटतं. पण आज ज्या मुलीला स्पष्ट 'नाही' ऐकायला मिळतं, तिला निदान 'तुझं प्रकरण पाहू' एवढं ऐकायला मिळेल. १९९९ च्या निकालाने मागितलं होतं, ते एवढंच.

बहिणीला मी सगळं समजावून सांगितलं. अर्ज करू नका, टिकणार नाही, असंही सांगितलं. मेव्हणा काही वेळ गप्प होता. मग भाचीने फोन घेतला. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, "मामा, नोव्हेंबरपर्यंत खेळले नाही तर पुन्हा तुटायची शक्यता किती कमी होते, तो आकडा सांग." मी सांगितला. तिने तो कुठेतरी लिहून घेतला असावा, कारण थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नव्हता.

त्या हंगामात ती बाकावर बसून पासेसच्या नोंदी ठेवत होती. मे महिन्यात वेळेवर पदवी घेतली.